बाबांचा आवडता तारा

मी पंचांग बोलतोय, शके १९०६चं. तुमच्या हिशेबाने १९८४. पाडव्याच्या आदल्या दिवशी मालवणच्या बाजारातून हरिश्चंद्र बाबांच्या घरी आलो आणि देवाजवळ खिळ्याला टांगला गेलो.

आमचं आयुष्य वर्षभराचं, पण मान मोठा. बाबांच्या पत्नी विमलाकाकी एकादशी बघायला मला चाळायच्या आणि हळदीचं बोट मलाच पुसायच्या. पोस्टातून निवृत्त झालेले बाबा फक्त शनी बघायचे. कुठला ग्रह कुठल्या राशीत, सगळं माझ्यात छापलेलं. पण मला घेऊन खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात जावं, मान वर करावी, असं कुणाला वाटेल तर शपथ.

एप्रिलात त्यांच्या मुलीला, शुभदाला, ओरोसच्या कचेरीतून नेमणुकीचं पत्र आलं. पंधरा मेच्या आत हजर व्हायचं होतं. बाबांनी मला उघडलं. शुभदाची रास तूळ, शनीही तुळेत.

"साडेसाती सरांदे, मगे बघूया," ते म्हणाले. ती सरायला अजून साडेतीन वर्षं होती. शुभदा त्या दिवशी जेवली नाही. मला फार वाईट वाटलं, कारण पुरावा म्हणून माझंच पान उघडं होतं.

बाबांचा एक नेम होता. साडेआठला खळ्यात खुर्ची टाकून ते पूर्वेला माडांवर आलेला एक पिवळसर तारा बघत बसायचे. "ह्येका बघलंय की माका बरा वाटता," असं शेजाऱ्यांनाही सांगायचे.

अक्षय्य तृतीयेला शुभदाने मला खिळ्यावरून काढलं, बोटांवर राशी मोजल्या आणि थेट खळ्यात नेलं.

"बाबानू, सूर्य मेषेत आसा. मेषेपासून सातवी तूळ. सूर्य बुडालो की तूळ थंयसून वर येता." तिने पूर्वेला हात केला.

"मगे?"

"ती वरची चित्रा बघा, लुकलुकता. आणि तुमचो तारो?"

"तो लुकलुकणा नाय. शांत आसा, म्हणान तर आवडता."

"ग्रह लुकलुकणत नाय, बाबानू. खालचो तांबडो तो मंगळ. आणि तुमचो तो शनी."

बाबा उठले. टॉर्च मारून माझं पान वाचलं, वर बघितलं, पुन्हा वाचलं.

"माका वाटलेला, शनी काळो आसतलो," ते म्हणाले आणि इतके हसले, की विमलाकाकी हात पुसत बाहेर आल्या. "इतके दिवस मिया ह्येकाच बघून बरो झोपतंय. जा गो, नोकरेक जा."

बारा तारखेला शुभदा एसटीत बसली. मला सोबत नेणार होती, पण बाबा द्यायला तयार होईनात.

आता नवं पंचांग आलंय. मी मात्र रद्दीत न जाता पडवीच्या खांबावर लटकलोय, टॉर्चशेजारी. तुमच्याही घरी माझा कुणी भाऊबंद खिळ्याला असेल. त्याला एकदा संध्याकाळी बाहेर न्या, एवढंच मागणं.

माझ्या पानांत एक पोस्टकार्ड आहे. बाबांनी मृगात ओरोसला धाडलेलं. शुभदा गणपतीला आली, तेव्हा तिने जपून ठेवलं. "चि. शुभदास आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. ढगांमुळे तीन दिवस शनी दिसला नाही. काळजी वाटते. तिकडे दिसल्यास उलट टपाली कळवावे."