रबराचा पीळ

नागोराव मिस्त्री माणूस सोन्यासारखा, पण डोकं फिरलं की कुणाच्या बापाचा नाही, असं हैदराबादच्या काचीगुड्यात सगळे म्हणत. त्या मंगळवारी ते डोकं फिरलं ते नेमकं एकनाथरावांच्या दुकानात, सकाळी अकराला, चार गिऱ्हाइकांच्या देखत. नागोरावांनी खिशातून रबराचे दोन फाटके बुश काढले आणि काउंटरवर आपटले.

"दादा, तीस वर्षं झाली तुमच्याकडून माल नेतो. आता तुम्हीपण डुप्लिकेट विकायलात का?"

एकनाथराव स्पेअर पार्टचे जुने व्यापारी. अंगानं भारी, बोलणं कमी. त्यांनी बुश उचलून उजेडात धरले, बराच वेळ पाहिले आणि फडताळातून नवी जोडी काढून पुढं सरकवली.

"ही घेऊन जा," एवढंच म्हणाले.

ते भांडले असते तर बरं झालं असतं. पण ते गप्प बसले, आणि तापलेल्या माणसाला समोरच्याचं गप्प बसणं म्हणजे कबुलीच वाटते. नागोराव पायऱ्या उतरता उतरता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चोराच्या मनात चांदणं!" आणि निघून आले. वर्कशॉपच्या दारात पोचेपर्यंत त्यांना स्वतःच्याच शब्दांची लाज वाटू लागली होती. पण सुटलेला शब्द काही स्टेपनी नव्हे, की पुन्हा डिकीत ठेवता येईल.

हे सगळं घडलं एका लाल जपानी गाडीपायी. बरकतपुऱ्याचा सुधीर सिंगापूरहून परत आला तेव्हा ती सोबत घेऊन आला होता. नव्याण्णव साल होतं. माधापूरकडे काचेच्या इमारती उठत होत्या आणि सुधीर त्यातल्याच एकीत कॉम्प्युटरवर बसत होता. गाडी दोन माणसांची. तिसरा आला तर त्यानं मागून पळत यावं. जमिनीला इतकी खेटलेली, की नागोराव पहिल्यांदा आत बसले तेव्हा त्यांना पंगतीला मांडी घालून बसल्यासारखं वाटलं. नव्या शोरूमवाल्यांनी असल्या परदेशी गाडीला हात लावायला नकार दिला, तेव्हा सुधीर ती नागोरावांकडे घेऊन आला. त्याच्या वडलांची फियाट वीस वर्षं नागोरावांनीच सांभाळली होती.

"काका, पीछे से टकटक आवाज यायलाय," सुधीर म्हणाला होता. "टर्न घेताना मागचा भाग अलग जातोय, असं वाटतं."

दुखणं साधं होतं. मागच्या चाकाला गाडीच्या अंगाशी जोडणारी एक लोखंडी दांडी असते आणि तिच्या टोकाला रबराचा जाड बुश. रस्त्याचे धक्के तो खातो. तो फाटला की दांडी खडखडते, गाडीची शेपटी हलते. नागोरावांनी नवे बुश घातले, नट कसले, गाडी लोण्यासारखी चालली. पण चार-पाच वर्षं चालायचा बुश अडीच महिन्यांत फाटला. दुसरी जोडी घातली, ती तीन महिन्यांत गेली. तिसरीही तशीच गेली, त्याच दिवशी नागोराव काउंटरवर जाऊन ते बोलून बसले होते. आपल्या हातात खोट असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. हात आपला, गाडी जपानची, मग राहिला कोण? माल विकणारा!

पण एकनाथराव म्हणजे नुसते माल विकणारे नव्हते. दोघंही देगलूरकडचे. गावात ज्या घराच्या पायरीला नागोरावांच्या बापाला कधी पाय लावता आला नाही, त्या घरचे हे थोरले चिरंजीव. हैदराबादेत आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते नागोरावांशेजारी फुटपाथवर बसले, न विचारता त्यांच्या डब्यातली भाकरी मोडली आणि "ठेचा जरा कमी आहे रे," म्हणाले. त्यांचा धाकटा भाऊ किशोर नागोरावांच्याच हाताखाली मिस्त्री झाला. किशोर त्यांना दादा म्हणायचा, म्हणून नागोरावही दादा म्हणू लागले. दर रविवारी सकाळी दोघं स्टेशनसमोरच्या इराण्याकडे एका टेबलाशी बसत. बोलणं फारसं व्हायचं नाही, पण रविवार चुकायचा नाही.

आता तीन रविवार चुकले होते. नागोराव घरी बसून पेपर वाचत, म्हणजे पेपर तोंडापुढं धरत.

तिसऱ्या रविवारी दिलसुखनगरच्या त्यांच्या घरी विमलाबाई मोरीत कपडे धूत होत्या. नवऱ्याच्या शर्टाचे खिसे तपासल्याशिवाय शर्ट भिजवायचा नाही, हा त्यांचा नियम. खिशातून खिळे, वायसर, बिड्या असं काहीही निघायचं. आज एक बुश निघाला; काउंटरवरून उचललेला तो नागोराव तीन आठवडे खिशात घेऊनच फिरत होते. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"हेच का ते भांडणाचं मूळ?"

"दे इकडं. झिजलंय ते. हलका माल."

"झिजलं?" विमलाबाई म्हणाल्या. "मी जन्मभर कपडे धुतले, मला झिजणं शिकवू नका. झिजलेलं कापड विरतं, मग जातं. हे बघा, रबर नवंकोरं आहे आणि फाटलंय तिरकं. ओल्या चादरीला जास्ती पीळ दिला की अशीच फाटते. ह्याला कुणीतरी पिळून ठेवलंय."

"रबराला कोण पिळतंय?"

"मला काय माहीत? पण पीळ म्हटलं की तुमच्याशिवाय कुणाचं नाव आठवत नाही. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही! दादांकडं जाऊन या म्हणते तर ऐकत नाही माणूस."

नागोरावांनी बुश घेतला आणि खिडकीत जाऊन बसले. मग उठून ट्रंकेवरचा डबा काढला. त्यात आधीच्या दोन जोड्या होत्या. सगळे ओळीनं मांडले. एकूण एक बुश तिरका फाटला होता, आणि सगळे एकाच दिशेला. हलका माल असा शिस्तीत फाटत नाही.

सोमवारी सकाळी त्यांनी सुधीरकडून गाडी मागवून घेतली. जॅक लावून ती वर उचलली आणि मागची चाकं अधांतरी लोंबत ठेवून लोखंडी टेकूंच्या घोड्यांवर उभी केली. एकनाथरावांनी दिलेली चौथी जोडी ते याच रीतीनं बसवून मोकळे झाले होते. त्यांनी खडू घेतला आणि बुशच्या मधल्या नळीपासून रबरावरून दांडीपर्यंत एक रेघ ओढली, हिशोबाच्या वहीतल्यासारखी सरळ. मग गाडी खाली घेतली. चाकं टेकली, गाडी आपल्या वजनानं खाली बसली, दांडी वर गेली. नागोरावांनी ती वर्कशॉपच्या खड्ड्यावर ढकलली आणि टॉर्च घेऊन तिच्याखाली उतरले.

रेघ मोडली होती. नळीचा तुकडा एकीकडे, दांडीचा दुसरीकडे, आणि मध्ये रबराला पीळ बसला होता. गाडी अजून गल्लीबाहेर गेली नव्हती आणि रबर ताणलं गेलं होतं. चाक लोंबत असताना नट कसला की मधली नळी तिथंच जखडते. मग गाडी जमिनीवर आली की रबर दिवसरात्र पिळलेलंच राहतं. जुन्या गाड्यांचे बुश ढोबळ, ते सगळं सोसून न्यायचे. हे नाजूक होते. नट कसायचे ते गाडी स्वतःच्या पायांवर उभी असताना. म्हणजे आधी सैल नटांनी तिला खाली घ्यायचं.

आणि तेच तर नागोराव करत नव्हते. तीस वर्षांत त्यांच्या वर्कशॉपमध्ये एकही गाडी सैल नटानं जमिनीला लागली नव्हती. तो त्यांचा नेम होता. सत्तर साली एका ॲम्बॅसिडरच्या मागच्या चाकाशी त्यांनी एक नट नुसता हातानं फिरवून ठेवला, गाडी खाली घेतली आणि "चहा घेऊन कसतो," म्हणत बाहेर गेले. किशोरला ते ठाऊक नव्हतं. ट्रायल घ्यायला तो गाडी घेऊन निघाला तो मुसीच्या पुलापर्यंतच पोचला; तिथं चाक निखळलं. बावीस वर्षांचा होता. एकनाथराव त्या दिवशीही भांडले नाहीत. दहाव्या दिवशी ते वर्कशॉपवर आले आणि म्हणाले, "नागू, काम बंद ठेवू नको." त्या माणसाला आपण भर दुकानात चोर म्हणालो!

नागोराव खड्ड्यातून वर आले, हात पुसले आणि तसेच चालत दुकानावर गेले. याही वेळी गिऱ्हाइकं होती. चारचौघांत बोललो, तर चारचौघांतच परत घेतलं पाहिजे.

"दादा, माल चांगला होता," ते मोठ्यानं म्हणाले. "खोट माझ्या हातात होती. मी गाडी लटकवून नट कसत होतो. मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. मला माफ करा."

एकनाथरावांनी गिऱ्हाइकांना हातानंच थांबवलं आणि नागोरावांना आतल्या खोलीत नेलं. गल्ल्याच्या खालच्या कप्प्यातून त्यांनी घडी घातलेला एक इंग्रजी कागद काढला. त्यावर गाडीचं चित्र होतं, चारी चाकं जमिनीवर.

"हा दुसऱ्या जोडीच्या डब्यात होता. नातीनं वाचून दाखवला. गाडी जमिनीवर पाहिजे, आत माणूस बसलेला पाहिजे, मग नट कसा, असं लिहिलंय."

नागोरावांनी चित्राकडं बोट केलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार?" एकनाथराव म्हणाले. "तू तो नेम कामून धरलास ते मला माहीत नाही का? माझ्या भावासाठी धरलेला नेम मीच तुला सोड म्हणू? कागद काढून घेतला. म्हटलं, बुश फाटले तर फाटू दे, आपण नवे देऊ."

"आणि मी तुम्हाला चोर म्हणालो ते?"

"तू निव्वळ हौला आहेस. असल्या येड्याचं काय मनावर घ्यायचं?" पण हे म्हणताना ते कागदाची घडी पुन्हा पुन्हा घालत होते. लागलं होतंच. माणसाला लागल्याशिवाय राहतं का?

नागोराव तोंड फिरवून कॅलेंडरकडे बघू लागले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ग्रीसचे हात, त्यामुळे पुसायचीही सोय नव्हती.

दुपारी दोघंही वर्कशॉपवर आले. नागोरावांनी गाडी पुन्हा घोड्यांवर चढवली आणि दोन्ही बाजूंच्या दांड्यांचे चारही नट सैल केले, नुसते दोन-दोन आटे धरून राहतील इतके. आता तिला खाली घ्यायची होती. जॅकचा दांडा हातात होता, पण हात चालेना. एकनाथराव जवळ आले, त्यांनी तोच दांडा धरला आणि दोघांनी मिळून गाडी इंच इंच खाली घेतली. मग तिला हातानं ढकलून खड्ड्यावर आणली आणि चाकांना लाकडी ओंडके लावले.

"आत माणूस पाहिजे," नागोराव म्हणाले. "सुधीरला फोन करतो."

"सुधीर कशाला? मी आहे की."

"तुम्ही नाही, दादा. नट सैल आहेत."

"माहीत आहे मला."

एकनाथरावांनी चपला काढल्या, धोतर सावरलं आणि आपला भला थोरला देह कसाबसा त्या लाल गाडीत कोंबला. गुडघे छातीला लागले. त्यांच्या वजनानं गाडी आणखी दोन बोटं खाली बसली.

नागोराव खड्ड्यात उतरले. गाडी जागची हलणार नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी पाना नटाला लावला तेव्हा तो नटावर टकटक वाजू लागला. तो आवाज वरपर्यंत गेला असावा.

"नागू," वरून एकनाथराव म्हणाले, "सावकाश कस. चारी झाले की सांग. तोवर मी उतरत नाही."