अठरा थांब्यांचं रशियन

आगारात आजोबांना सगळे मिनिटकाटा म्हणत. एकाच मार्गावर एकतीस वर्षं बस चालवून त्यांनी हे नाव कमावलं होतं. सात दहाची बस कधी सात अकराला निघाली, असं कुणी ऐकलं नव्हतं. अशा माणसाला पाच वर्षांच्या पोरीनं मुकं ठरवावं, याला काय म्हणायचं?

त्याचं झालं असं. मुलगा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले नऊ महिने पाण्यात. सून रशियन. ती तिकडे आपल्या माहेरच्या गावातच राहायची, आणि नात, म्हणजे छकुली, आईचीच भाषा बोलत वाढली होती. बापाची इंग्रजी तिच्या कानावर पडायची ती सुट्टीपुरती. आजोबांचं नेमकं उलटं. त्यांचा सगळा जन्म इंग्रजीत गेलेला, दुसऱ्या कुठल्या भाषेत घोटभर पाणी मागायची त्यांना सोय नव्हती. दर रविवारी फोनच्या पडद्यावर छकुली दिसायची, आजी हात हलवायची, आजोबा नुसती मान डोलवायचे आणि सून मध्ये बसून इकडचं तिकडे करायची. एका रविवारी छकुलीनं आईच्या कानाला लागून काहीतरी विचारलं. सुनेला हसू फुटलं.

"काय म्हणतेय?" आजोबांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. विचारतेय, हे आजोबा मुके आहेत का."

आजी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. आजोबाही हसले, पण जेवताना घास नुसता तोंडात फिरत राहिला. उन्हाळ्यात मायलेकी तीन आठवडे राहायला येणार होत्या. तेवढ्यात छकुलीनं आपल्याशी बोलावं, आणि बोलताना मध्ये कुणी दुभाषी नसावं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी 'इंग्रजी येणाऱ्यांसाठी बोलायचं रशियन' असा अभ्यासक्रम भरलेलं एक छोटं यंत्र विकत आणलं. बटण दाबलं की आतला गृहस्थ एक वाक्य म्हणायचा आणि आपण ते म्हणावं म्हणून गप्प राहायचा.

आता पंचाईत अशी, की घरी आजी शेजारी बसून प्रत्येक शब्दाला खुदखुदायची, आणि बस चालवताना कानाला काही लावायचं नाही हा आजोबांचा नेम. त्यातून त्यांनी तोड काढली. थांबा आला, दारं उघडली, की बटण दाबायचं. माणसं चढेपर्यंत एक वाक्य ऐकायचं. दारं बंद झाली की यंत्र बंद, आणि पुढच्या थांब्यापर्यंत तेच वाक्य घोळवत राहायचं. मार्गावर थांबे अठरा, म्हणून वाक्यंही अठरा. हॉटेलात खोली रिकामी आहे का, सामान हरवलं तर कुठे जायचं, असली वाक्यं त्यांनी गाळली. आजोबाला लागतील तेवढीच ठेवली. पहिला थांबा आगाराचा, तिथे नमस्कार. रशियन नमस्कार भलताच लांब, झ्द्रास्त्वुइत्ये. नमनालाच घडाभर तेल. तिसऱ्या थांब्यावर, शाळेपाशी, 'आपलं नाव काय?' चौथ्यावर, बाजारात, 'आपल्याला भूक लागली आहे का?' दवाखान्याच्या सातव्या थांब्यावर 'कुठे दुखतंय का?' नवव्यावर, पुलाच्या वळणाला, 'जरा सावकाश बोला.' असं करत करत अठराव्यावर, टेकडीच्या पायथ्याशी, दस्विदानिया. म्हणजे निरोप.

असलं काही बसमध्ये लपून राहत नाही. पुढच्या बाकावर एक नर्सबाई रोज आगारापासून बसत आणि दवाखान्यापाशी उतरत. पहिल्या आठवड्यात त्यांनी सहन केलं, दुसऱ्या आठवड्यात त्या मागून म्हणू लागल्या. पाचव्या थांब्यावर एक कुलूपवाला चढे, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून, आणि पार टेकडीपर्यंत जाई. त्यालाही नाद लागला. चार महिन्यांत नर्सबाईंना कुणालाही रशियनमध्ये भेटता येऊ लागलं, पण निरोप घेता येईना. कुलूपवाल्याला निरोप घेता येई, पण भेटायचं कसं ते माहीत नव्हतं. दोघं मिळून एक माणूस झाला असता.

मग त्या दोघी आल्या. आजोबांनी चार दिवस रजा घेतली होती आणि विमानतळावर इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. छकुली आईच्या मागून डोकावली. निळी पिशवी, एका पायातला मोजा घसरलेला. आजोबांनी तोंड उघडलं. आणि काय सांगावं, दातखीळच बसली. चार महिने रोज आठ फेऱ्या ज्या नमस्काराला त्यांनी तेल ओतलं होतं, तो कुठे गेला कुणास ठाऊक. तोंड मिटून त्यांनी नुसती मान डोलवली. छकुलीनं आईकडे बघितलं. म्हटलं नव्हतं का, असा तिचा चेहरा होता.

घरीही तेच. पोरगी पेल्याकडे बोट दाखवी, आजोबांना वाटे येतोय, येतोय शब्द, तोवर आजी पाणी देऊन मोकळी. आजीला रशियनचा एक शब्द येत नव्हता आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. ती छकुलीचे केस विंचरताना इंग्रजीत अखंड बडबडे, छकुली रशियनमध्ये अखंड उत्तरं देई आणि दोघींचं मजेत चाले. आजोबांना हेवा वाटला. स्वतःच्या बायकोचा, या वयात, सरळ सरळ हेवा वाटला.

"चार महिने सगळी बस डोक्यावर घेतलीत," तिसऱ्या दिवशी आजी भांडी पुसता पुसता म्हणाली, "आणि आता घरात मूग गिळून बसलात?"

"आडात आहे गं," आजोबा म्हणाले, "पोहऱ्यात येत नाही."

"मग अजून किती दिवस आड बघत बसणार? तीन आठवडेच आहेत ते."

ते त्यांना सांगायला नको होतं. दिवस ते मनातल्या मनात मोजतच होते.

पाचव्या दिवशी आजोबा कामावर गेले. सात दहा झाले, आगाराच्या थांब्यावर दारं उघडली आणि नर्सबाई पायरीवर चढत नाहीत तोच आजोबांच्या तोंडून आपसूक निघालं, "झ्द्रास्त्वुइत्ये." शाळेपाशी दारं उघडली, नाव विचारून झालं. बाजारात भुकेची चौकशी झाली. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आजोबांना आधी आनंद झाला, मग स्वतःचा असा राग आला की दवाखान्यापाशी त्यांनी ब्रेक नेहमीपेक्षा जोरात दाबला.

"काय झालं हो?" नर्सबाई दांडा धरून म्हणाल्या.

"रशियन मला येत नाही, बाई. या रस्त्याला येतं. मी फक्त त्याच्यावरून गाडी चालवतो."

"मग त्यात काय? मलाही घरी आठवत नाही," त्या उतरता उतरता म्हणाल्या. "मी डोळे मिटून बस आठवते."

संध्याकाळी आजोबांनी हे घरी सांगितलं. आजीनं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "दिवाणखान्याला काही चाकं लावता येणार नाहीत. तिलाच घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सात वाजता सून आणि छकुली आगारात हजर. नर्सबाईंनी पुढचा बाक रिकामा करून दिला आणि स्वतः मागच्या बाकावर सरकल्या. दारं उघडली. आजोबांनी मान वळवून, चालकाच्या खुर्चीतून, त्या अभ्यासक्रमातल्या गृहस्थानं शिकवलेल्या अदबीनं नमस्कार घातला. छकुलीचे डोळे मोठे झाले. पुढच्या थांब्यावर, पाण्याच्या टाकीपाशी, आजोबांनी सांगितलं, मी तुमचा आजोबा. शाळेपाशी विचारलं, आपलं नाव काय? आता हिला जन्मात कुणी 'आपण' म्हटलं नव्हतं. ती खिदळली, सावरून बसली आणि बाईसाहेबांसारखं आपलं पूर्ण नाव सांगितलं.

बाजारात भूक लागली आहे का असं विचारलं आणि बांध फुटला. भूक नाही, पण सकाळी काय खाल्लं, काय नाही खाल्लं, तिकडच्या मांजरीला काय आवडतं, असं बरंच काही त्यात असावं. आजोबांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. 'जरा सावकाश बोला' हे त्यांना येत होतं, पण ते पुलाच्या वळणाला. तोवर नुसती मान डोलवण्याखेरीज इलाज नव्हता. सून दुभाष्याचं काम करायला पुढे झुकली, तर छकुलीनं तिला कोपरानं मागे सारलं. दवाखान्यापाशी 'कुठे दुखतंय का?' हे आजोबा आणि नर्सबाई एकाच वेळी म्हणाले. छकुलीनं गुडघ्यावरची जुनी खपली दोघांनाही दाखवली. नर्सबाईंनी ती नीट तपासली, मग उतरल्या. वळण आलं, दारं उघडली आणि आजोबा एकदाचे म्हणाले, जरा सावकाश बोला. छकुली त्या वेळी गप्प बसून खिडकीबाहेर बघत होती. तिनं चकित होऊन कुलूपवाल्याकडे पाहिलं. तोही गंभीरपणे म्हणाला, सावकाश बोला.

टेकडीपाशी आजोबांनी दस्विदानिया म्हटलं आणि मग आपल्या भाषेत, एकतीस वर्षं म्हणत आले तसं, मागे वळून मोठ्यानं म्हणाले, "शेवटचा थांबा. काही राहिलं नाही ना, बघा."

खरी गंमत परतीच्या फेरीत. थांबे उलटे, म्हणून वाक्यंही उलटी. टेकडीपासून निघताना आधी निरोप, मग पुलावर सावकाश बोला, मग भूक, मग नाव, आणि आगारात शिरताना नमस्कार. छकुलीला ते बाजारापर्यंत उमगलं. आगारात पोचल्यावर, आजोबांनी तोंड उघडायच्या आत, तीच ओरडली, "झ्द्रास्त्वुइत्ये." त्या दिवशी मिनिटकाट्याची बस तीन मिनिटं उशिरा पोचली. आगारातल्या लोकांनी आपापली घड्याळं तपासली.

मग काय, रोजच ती यायची. घरीही तिनं उपाय शोधला. आजोबांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवायचं, हातात मोठ्या पातेल्याचं झाकण द्यायचं आणि आपण मागे स्टुलावर बसून थांब्यांची नावं पुकारायची. नावं ती आजोबांच्याच भाषेत पुकारी, कारण तिनं ती त्यांच्याकडूनच ऐकली होती. आजोबा झाकण वळवत आणि वाक्य येई. दोन दिवसांत पोरीच्या हे लक्षात आलं, की बाजार म्हटलं की भूक विचारतात आणि मागोमाग बिस्किट मिळतं. मग त्या बसला बाजाराचे चार चार थांबे लागू लागले.

"तुमची गाडी फार वेळ बाजारात उभी असते," आजी म्हणायची.

सगळं रशियन आलं असं नाही. अठरा वाक्यांची चोवीस झाली असतील. छकुलीच्या बोलण्यातला निम्मा भाग हवेतच जायचा, पण ती आता आजोबांना थांबून, बोट उगारून, पुन्हा सांगायची. आपले आजोबा मुके नाहीत, फक्त त्यांना गाडी लागते, असं तिनं तिकडच्या आजीला फोनवर सांगितलं. सुनेनं हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा आजोबा खूश होऊन अंगणात दोन चकरा मारून आले.

तीन आठवडे कधी सरले कळलं नाही. विमानतळावर पुन्हा तोच इस्त्रीचा सदरा, तीच निळी पिशवी. आत जायची रांग पुढे सरकत होती. आजी छकुलीला कुरवाळून, रडून, हसून मोकळी झाली. आजोबांची पाळी आली. तोंड उघडलं आणि पुन्हा तेच. शब्द सगळे दूर, त्या टेकडीच्या पायथ्याशी. जाताना तरी आपण मुकेच राहणार की काय, या विचारानं त्यांना दरदरून घाम फुटला.

छकुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं पिशवी जमिनीवर ठेवली, त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आगार."

आजोबांनी डोळे मिटले. दोन्ही हात वर उचलले आणि सगळ्या लोकांसमोर हवेतच गाडीचं चक्र धरलं. नमस्कार आला. "टाकी," मागून आवाज आला. मी तुमचा आजोबा. शाळा. बाजार. बाजाराला या वेळी ती एकदाच थांबली. रांगेतला एक माणूस काही बोलणार होता, सुनेनं त्याला हातानंच थांबवलं. दवाखाना आला, वळण आलं, तिथे आजोबांचे हात पुरते वळले, बागेपाशी सरळ झाले. त्यांना इतकं हळू कधी जावंसं वाटलं नव्हतं. टेकडी आली. आजोबांनी डोळे उघडले, मागे वळून खाली वाकले आणि म्हणाले, "दस्विदानिया."

छकुलीनं मान डोलवली. मग चक्क आजोबांच्या भाषेत, त्यांच्याच मोठ्या आवाजात, ती म्हणाली, "शेवटचा थांबा. काही राहिलं नाही ना, बघा."

एकतीस वर्षं हा प्रश्न त्यांनी रोज विचारला होता. उत्तर द्यायची पाळी पहिल्यांदाच आली.

"राहिलंय," आजोबा आपल्या भाषेत म्हणाले. "घ्यायला परत यावं लागेल तुला."

सून भाषांतर करायला पुढे झाली. छकुलीनं हात उंच करून आईच्या तोंडावर ठेवला, आणि आजोबांकडे बघत त्यांच्याच भाषेत म्हणाली, "येईन."