डोरीची पोथी

अधिक महिन्याची पोथी संपली, नारळ फुटला, प्रसाद वाटून झाला, आणि देवकाबाईंच्या पडवीत जमणाऱ्या बायकांना दुपारचं काय करावं हा प्रश्न पडला. पुलगावात टीव्ही घरोघरी आहे, मोबाइल तर उशाशीच असतो. पण महिनाभर एकत्र बसून ऐकायची सवय लागली की घरी एकटीनं पडून राहणं जिवावर येतं. पोथी वाचली होती देवकाबाईंची सून वर्षाली हिनं. तिनंच मग वाचनालयातून आणलेली एक कादंबरी पुढे केली. मूळ परदेशातली, मराठीत आणलेली. मोठ्या लढाईच्या काळात तोफेचे गोळे भरायच्या कारखान्यात जाणाऱ्या बायांची.

"देव नाई, राक्षस नाई, हे काय आयकाचं?" देवकाबाई म्हणाल्या. सुनेनं काही सुचवलं की आधी नाक मुरडायचं, हा त्यांचा नेमच होता. मुरडून झालं की सगळ्यांच्या पुढे जागा धरून बसायच्याही त्याच.

कादंबरीतल्या मुलीचं नाव डोरीन. दुसऱ्याच दिवशी बायकांच्या तोंडी ती डोरी झाली. डोरी अंधारात उठे, बिनसाखरेचा चहा घेई आणि कारखान्याला जाई. दारावर केसांतल्या पिना काढून ठेवायच्या, काड्यापेटी असली तर शिपायाच्या हवाली करायची. एक ठिणगी पडली तर शेड जागेवर राहायची नाही. दिवसभर गोळ्यांत पिवळी भुकटी भरायची. त्या भुकटीनं हात पिवळे, तोंड पिवळं. घरी येऊन त्याच हातांनी बटाटे सोलायचे आणि धाकट्या बहिणीशी कंगव्यावरून भांडायचं.

"थांब वं," शेजारच्या कौशल्याबाई म्हणाल्या. "कंगव्याचं भांडन बी लिवलं हाये?"

"हो काकू."

"छापलं हाये?"

वर्षालीनं पान दाखवलं. कौशल्याबाईंना अक्षर ओळखू येत नव्हतं. त्यांनी त्या ओळीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. कोणी हसलं नाही. पुस्तकात देव असतात, राजे असतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण बटाट्याची सालं, रेशनची रांग, रफू केलेला मोजा हेही कोणी इतक्या निगुतीनं लिहून ठेवतं, याचं त्या पडवीला नवल वाटलं. वर्षालीलाही वाटलं. आजवर ती कादंबऱ्या भराभर वाचायची, कोणाचं कोणाशी जमतं तेवढं बघून परत करायची. मोठ्यानं वाचताना मात्र एकेक वाक्य तोंडातून जायचं आणि समोरच्या चेहऱ्यांवर उमटलेलं दिसायचं. पुस्तकात एवढी ताकद असते, हे तिला असं माहीत नव्हतं.

कौशल्याबाईंचा नवरा गेलेला. एकुलता मुलगा भूपेंद्र गावाशेजारच्या दारूगोळ्याच्या डेपोत कामाला. बारा वर्षं झाली, काय काम करतोस विचारलं की तो म्हणायचा, "पेट्या उचलतो." विषय तिथेच संपायचा. डोरी आल्यापासून कौशल्याबाई जेवताना त्याला काहीबाही विचारू लागल्या.

"काड्यापेटी गेटवर ठेवा लागते काय रे?"

पोराचा घास हातातच राहिला. "तुले कोनं सांगतलं?"

"डोरीनं."

तेव्हापासून मायलेक ताटावर बोलू लागले. कुठली चप्पल चालत नाही, पेटी टेकवताना दम कसा धरतात, कोण साहेब भला आहे. "बारा वर्सांत बोलला नाई, तेवढं पोरगं या दिवसांत बोललं," कौशल्याबाई सगळ्यांना सांगत.

आणि तेच वर्षालीच्या अंगाशी आलं. एका सकाळी तिनं उत्सुकतेपोटी पुढची पानं वाचून काढली. शेड उडते. डोरी त्यात जाते.

आता हे त्या माउलीपुढे वाचायचं कसं? पोरगा रोज दारूगोळ्यात हात घालतो, आणि डोरीमुळे कुठे तो दोन शब्द बोलू लागला. हे ऐकल्यावर बाईचा डोळा लागेल का? वर्षालीनं सासूला विचारलं, पुस्तक परतच करून टाकू का.

"अध्याय अर्धा सोडत असते काय?" देवकाबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी तोड काढली. "चांगलं करून वाच. कोनाले काय समजते?"

पोथीचं अक्षर बदललं तर पाप. पण ही काही पोथी नव्हती. दुपारी वर्षालीनं मनाचा हिय्या केला. "त्या दिवशी डोरीला ताप भरला," ती वाचू लागली, "आणि आईनं तिला घरीच ठेवून घेतलं..."

"वर्षाली," कौशल्याबाई म्हणाल्या, "तुयं बोट चालून नाई राह्यलं."

वर्षाली पोथीच्या सवयीनं ओळीखालून बोट फिरवत वाचायची. कौशल्याबाई जवळ बसून इतके दिवस ते बोटच पाहत होत्या. अक्षर येत नसलेल्या माणसानं पुस्तकात दुसरं पाहावं तरी काय?

"तोंड पुढं गेलं, बोट तिथंच हाये."

"लय बसलो आज," देवकाबाई घाईनं म्हणाल्या. "उद्या वाचू."

"नाई. लिवलं हाये तेच वाच."

वर्षालीनं वाचलं. बोट पुन्हा ओळीखालून चालू लागलं. स्फोट दोनच ओळींचा होता. त्यानंतर चार पानं डोरीची आई होती. तिनं ताट वाढून झाकून ठेवलं होतं आणि ती फाटकाच्या आवाजाकडे कान लावून बसली होती. दुसऱ्या दिवशी बाकीच्या बाया कामावर आल्या, दारावर पिना काढल्या आणि आपापल्या जागी बसल्या. प्रकरण संपलं तेव्हा रुळांवरून मालगाडी जात होती.

कौशल्याबाई रडल्या नाहीत. "लिवनाऱ्याले डोरीची माय भेटली होती काय?"

"नाई काकू. मनानंच लिहिलं असेल."

"मनानं?" त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं. "मंग त्याले मायं कसं समजलं वं? भूपेंद्र यायची येळ झाली का मनात रोज हेच चालू राह्यते. ताट झाकलं, का कान फाटकाकडं. देवाले नाई सांगतलं, पोराले नाई सांगतलं. बारा वर्सं एकटीच वाचून राह्यलती मी हे. आज कोनंतरी मोठ्यानं वाचलं."

आपण हिच्या मनात भीती घालणार म्हणून वर्षाली घाबरली होती, आणि भीती तर तिथे आधीपासूनच नांदत होती. सातासमुद्रापलीकडच्या कुणी अनोळखी माणसानं, कौशल्याबाईंना न पाहता, ती जशीच्या तशी लिहून ठेवली होती. देवकाबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि त्या नेमाप्रमाणे नाक मुरडायचं विसरून गेल्या.

कौशल्याबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. निघता निघता थांबल्या.

"संपलं का पयल्यापासून लाव," त्या म्हणाल्या. "पयल्या पानावर डोरी जितीच हाये नं?"

"हो काकू," वर्षाली म्हणाली. "आहे."