न उघडणाऱ्या फाइली

रेकॉर्डरमधल्या फाइली उघडायला कुणी लातूरहून नांदेडला माझ्या दुकानात येतं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकतेच. तिकडे काय कॉम्प्युटरवाल्यांचा दुष्काळ पडलाय? साल दोन हजार पाच. लातुरात गल्लोगल्ली क्लास आणि प्रत्येक क्लासखाली एक कॉम्प्युटरचं दुकान.

आलेले अमृतराव सर तिथल्या एका मोठ्या क्लासचे मालक. सोबत त्यांच्याकडे जीवशास्त्र शिकवणाऱ्या रुद्राणी मॅडम. सरांनी बोटाएवढा डिजिटल रेकॉर्डर माझ्यासमोर ठेवला.

"ताहेरभाई, आमच्या सराव परीक्षेचा पेपर आधीच समोरच्या क्लासात पोचला. या मॅडम रिकाम्या वर्गात बसून यात काहीतरी बोलत असतात. विचारलं तर सांगत नाहीत. लातुरात बोभाटा नको म्हणून इथं आलो. आमच्या ऑपरेटरनं फाइलींची नावं बदलून एमपी थ्री केलं, तरी उघडेनात. लॉक केल्यात. लपवायचं नसेल तर लॉक कशाला?"

"मी काहीही लॉक केलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. एकेक शब्द इस्त्री केलेला.

त्या खरं बोलत होत्या. कुलूप असतं ते कंपनीचं. हा रेकॉर्डर आपल्याच तऱ्हेनं आवाज साठवतो. कंपनीच्या सीडीतला प्रोग्राम टाकल्याशिवाय फाइल कुठे वाजत नाही. रॉकेलच्या बाटलीवर मधाची चिठ्ठी लावली म्हणून मध होतो का? हे मी सरांना सांगितलं. त्यांना पटलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, मला मॅडमही पटल्या नव्हत्या. कारण मी सीडी शोधायला उठलो तशा त्या हळूच म्हणाल्या, "नाही उघडल्या तर नाही का चालणार? मी नोकरी सोडते."

"नोकरी सोडून भागणार नाही," सर म्हणाले. "सगळ्या क्लासांना कळवीन. लातुरात पुन्हा खडू हातात धरता येणार नाही."

भूकंपात घर गेलं, पत्र्याच्या शेडमध्ये अभ्यास करून ही बाई शिक्षिका झाली, असं सरांच्याच क्लासच्या पत्रकात मी वाचलं होतं. तरी तिची खाली गेलेली मान बघून मी मनात म्हटलं, सापडली चोर.

एका वकिलाच्या अशाच रेकॉर्डरची सीडी माझ्याकडे होती. प्रोग्राम टाकला. एक्केचाळीस फाइली ओळीनं उभ्या राहिल्या. शेजारी हेडफोन होता, पण मी मुद्दाम स्पीकर लावला. चोरी सगळ्यांनी ऐकावी असं मला वाटत होतं.

"पेशी हा सजीवांचा मूलभूत घटक हाय." मग जरा थांबून, "आहे. आहे. घटक आहे."

सर पुढे सरकले. "ही काय खुणेची भाषा?"

दुसरी फाइल. "पानी. पाणी. पाणी. केंद्रकात गुणसूत्रं असत्यात... असतात. न्हाई. नाही. नाही."

मॅडमनी पदर तोंडावर घेतला. सातव्या फाइलीत एक म्हातारी खळखळून हसली. "रुद्रे, कुनासंगं बोलायलीस गं अशी? कुनाची लेक हाईस तू?"

"माय, गप. वर्गात पोरं हसतेत मला. सर म्हनले, अशीच बोललीस तर काढून टाकतो."

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. पण संशय चिवट असतो. "पुढची लावा," ते म्हणाले. दीड तास आम्ही ऐकत बसलो. पेपर कुठेच नव्हता. एक बाई आपली जीभ धुऊन काढत होती आणि मी ते तिच्यासमोर मोठ्यानं वाजवलं होतं. मला माझी लाज वाटली.

"गैरसमज झाला, मॅडम," सर म्हणाले.

मॅडम उठल्या. "ताहेरभाई, समद्या पुसा."

"आईचं हसणं पण?"

"ती बी. घरी हसतेच हाय ती." मग सरांकडे वळल्या. "उद्या सातची बॅच म्या घेनार. पेशी अशीच शिकवनार. पोरं हसली तर हसू द्या, त्येंला समजतंय का तेवढं बगा. काढायचं असंल तर आत्ताच काढा, ह्येंच्या म्होरं. चोर बी ह्येंच्या म्होरंच म्हनलात."

"न्हाई काढत," सर म्हणाले, आणि त्यांनी जीभ चावली.