चार खिळ्यांमधलं दगडफूल

ब्रेडाबाई दर ऑगस्टमध्ये ल्युब्लियाना शहरातून वर, डोंगरातल्या आमच्या कुरणावर यायच्या, त्या काही माझ्यासाठी नाही. माझ्या झोपडीमागे, चुनखडीच्या कड्याखाली, त्यांनीच खुणेला ठोकलेल्या चार खिळ्यांच्या मधे तळहाताएवढं एक दगडफूल मातीवर पसरलेलं होतं, त्यासाठी. अकरा वर्षं त्या ते पट्टीने मोजत होत्या. वर्षाकाठी एखादा मिलिमीटर वाढलं, की स्वारी खूश. असल्या कामाचा पगार मिळतो, याचं मला नेहमी नवल वाटायचं.

पण त्या दोन दिवस राहायच्या. मी झगांत्सी, म्हणजे कुट्टूच्या पिठाची घट्ट, मोकळी उकड करायचो, सोबत आंबट दूध. बाई माझ्या चीजला मनसोक्त नावं ठेवायच्या आणि जाताना त्याचाच अख्खा गोळा घेऊन जायच्या. बाकी उन्हाळाभर माझ्याशी बोलायला चौदा गाई. त्या नावं ठेवत नाहीत, पण उत्तरही देत नाहीत.

त्या वर्षी जूनपासून पाऊस नव्हता. दगडफूल राखेसारखं करडं पडलं, कडा वळल्या. मला धसकाच बसला. ते गेलं तर बाई कशाला येतील? मग मी गाईंच्या हौदातलं पाणी रोज दोनदा झारीने घालायला लागलो. पहिल्याच दिवशी ते हिरवंगार झालं. मला कोण आनंद! तिसऱ्या आठवड्यात ते काळं, बुळबुळीत व्हायला लागलं, तेव्हा मी घाबरून आणखी पाणी घातलं.

बाई आल्या. गुडघे टेकून बराच वेळ बघत राहिल्या. मी सगळं सांगून टाकलं.

“टोनेकाका, ते वाळून पडून राहतं हो, पाऊस येईपर्यंत,” त्या हळूच म्हणाल्या. “त्याला सवय असते त्याची. तुम्ही त्याला वाळूच दिलं नाहीत.”

“मला वाटलं, ते गेलं तर तुम्ही यायच्या बंद व्हाल.”

बाईंनी वहीत शून्य लिहिलं, चारही खिळे उपटून पिशवीत टाकले. झगांत्सीचे दोन घास खाल्ले. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं आता कारण नव्हतं, दुपारीच निघाल्या.

मी चीजचा गोळा पुढे केला. त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

“छान झालंय,” म्हणाल्या.

अकरा वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच मला कळलं, की या आता परत येणार नाहीत.