मूठभर द्राक्षांचा चमत्कार

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. हल्ली घरटी एकाला तरी मधुमेह आहे, मग गर्दीला काय तोटा! व्यासपीठावर गोडबाबा सांगत होते, "शेवटचं गोड मुठीत चिरडा. हातातून गेलं की रक्तातूनही गेलं."

आधी द्राक्षं चिरडायची. सेवेकरी बोट टोचून यंत्रावरचा आकडा माइकवर वाचणार. मग बाबांच्या चांदीच्या भांड्यातल्या पाण्यात हात बुडवायचे आणि पुन्हा आकडा. पाचशेचे अडीचशे होत होते. लोक रडत होते.

माझ्या थोरल्या जाऊबाई शिवणकाम करतात. बारा दिवसांपूर्वी त्यांनी इथेच इन्सुलिन सोडलं. आता पायाचा अंगठा काळा पडला होता, वास सुटला होता.

"आज दवाखान्यात जाऊ या," मी म्हणाले.

"एवढी उपासतापास करणारी तू, आणि श्रद्धा मी शिकवायची? चल, तूही रांगेत उभी राहा."

त्या दिवशी माझा उपास होता, आणि उपासाला दिवेलागणीपर्यंत मी अन्नाला हात लावत नाही. म्हणून द्राक्षं न घेताच बोट पुढे केलं. एकशे चार.

सेवेकरी खेकसला, "चिरडली का नाहीत? मग पहिला आकडा चढणार कसा?"

बोलून गेला आणि जीभ चावली.

जाऊबाईंच्या पिशवीत त्यांचं स्वतःचं यंत्र होतं, बारा दिवस न उघडलेलं. मी त्यांना नळावर नेलं, हात साबणाने धुऊन कोरडे केले, बोट टोचलं. तीनशे बावीस. मग द्राक्षं चिरडायला लावली. पाचशे चाळीस. पुन्हा नळ, पुन्हा साबण. तीनशे वीस.

मी आत येऊन सगळ्यांना सांगितलं, "साखर बोटावर आहे, द्राक्षाच्या रसाची. बाबांचं पाणी बोट धुतं, रक्त नाही."

बाबा हसले. "बाईंची श्रद्धा कच्ची आहे."

सभागृहही हसलं. पुढच्या माणसाने मूठ आवळली.

जाऊबाई पुटपुटल्या, "पाचशे होते तेच बरं होतं गं. निदान उतरत तरी होते."

चौथ्या दिवशी दवाखान्यात त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला. भेटायला आलेली शेजारीण मला म्हणाली, "तुम्ही मध्ये तोंड घातलं नसतंत, तर पाय वाचला असता."

मी देवाचं रोज करते आणि करत राहीन. पण त्याच्या नावाने कुणी इन्सुलिन सोडा म्हणालं, तर त्याला हात जोडू नका. तिथून उठा. साबणाने हात धुवा, मग बोट टोचा, आणि आकडा डॉक्टरांना दाखवा. औषध कमी करायचं की नाही, ते त्यांना ठरवू द्या.