दुरुस्तीची चौकट

सायकलच्या पंपाचा दांडा थोरल्याच्या बायकोने पुन्हा खाली दाबला. नळीतून हवा गेली, टेबलावरच्या छोट्या इंजिनात कुठेतरी फुसफुसली, आणि चाक होतं तिथेच राहिलं.

"अजून मार," थोरला म्हणाला.

"माझे खांदे भरून आले. तुमचं चाक काही हलायचं नाव घेत नाही."

थोरल्याने चाकाला बोट लावलं. ते अर्धा फेरा सरकलं आणि रुसल्यासारखं थांबलं.

पंपांच्या कारखान्यात तो तेहतीस वर्षं तपासनीस होता. नग ड्रॉइंगप्रमाणे असेल तर पुढे जाणार, नसेल तर लाल रंग लावून बाजूच्या लाल डब्यात. मधला काही प्रकारच नाही. पाठीमागे सगळे त्याला 'लाल डबा' म्हणायचे. हे त्याला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. निवृत्त झाल्यावर त्याने जुन्या मासिकातले कागद बाहेर काढले. छंद म्हणून घरी वाफेचं इंजिन कसं करावं, याची ड्रॉइंग्ज त्या मासिकाने नऊ अंकांत छापली होती. मागच्या खोलीतल्या लेथवर आठ महिने खपून त्याने एकेक भाग केला. कागदावरचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. केसाइतका फरक त्याने कुठे पडू दिला नव्हता, आणि आता माशी कुठे शिंकली तेच कळेना.

त्याने झाकण न काढता वाफ, आता चाचणीपुरती पंपाची हवा, आत येण्याच्या भोकात बारीक तार घातली. तार आत जाऊन अडली. मग झाकण काढून तीच तार घातली, तर आरपार गेली.

झाकणाला आतून एक कडं होतं, ते सिलिंडरमध्ये सहा मिलिमीटर आत बसायचं. भोक होतं टोकापासून चार मिलिमीटरवर. म्हणजे झाकण बसलं की भोक बंद. त्याने तिसरा कागद पाहिला, भोक चारवर. पाचवा पाहिला, कडं सहाचं. दोन्ही कागद आपापल्या जागी शहाणे, शेजारी ठेवले की वेडे. त्याने तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं.

"कागदच चुकलाय," तो म्हणाला.

"कागद?" बायको म्हणाली. "तुमचा कागद?" ती हसली नाही, एवढे तिचे उपकार.

झाकणाच्या कड्याला एक खाच पाडली की काम भागत होतं. त्याने बारीक कानस उचललीही. आणि तशीच हातात धरून तो उभा राहिला, कारण त्याला आठ हा आकडा आठवला.

हे इंजिन करायला त्यांनी आधी एकदा घेतलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी, तेव्हा धाकटा भाऊ याच घरात राहत होता. सिलिंडर त्याने केला होता, पंधरा दिवस कामावरून आल्यावर लेथला चिकटून. थोरल्याने मापलं तर भोक आठवर. कागदावर चार, नगावर आठ. "दादा, पुढचा कागद बघ ना," धाकटा म्हणाला होता. थोरल्याने पुढचा कागद बघितला नाही. "आधी हातातला वाचायला शिक," म्हणाला, आणि सवयीने नगाला लाल रंग लावला. त्या दिवशी धाकट्याला बघायला मुलीकडचे आले होते, ते शेजारच्या खोलीत बसून सगळं ऐकत होते. धाकट्याने हात पुसले. महिन्याभरात त्याने वेगळी खोली घेतली, लेथ कायमचा सोडला आणि शिलाई यंत्रं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. तेव्हापासून दोघं कुणाच्या लग्नात, कुणाच्या मयताला भेटायचे, "बरा आहेस ना" म्हणायचे आणि पाठ फिरवायचे.

"तो जुना सिलिंडर मी टाकून दिला असेल," थोरला म्हणाला.

"तुम्ही दिला होता. मी उचलून ठेवला. खिळ्यांच्या डब्यात आहे, तळाशी."

लाल रंग अजून टिकून होता. त्याने तो सिलिंडर बसवला, झाकण घट्ट केलं आणि मान हलवली. बायकोने पंप मारला. चाक फिरलं. तिने हात थांबवल्यावरही चार-दोन फेरे फिरत राहिलं.

आठ महिने ज्याची वाट पाहिली ते समोर फिरत होतं, आणि थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो स्टुलावर बसून राहिला.

"फोन करा त्याला," बायको म्हणाली.

"फोनवर काय बोलू?"

"मग जा."

निघण्याआधी त्याने तिसऱ्या कागदावरचा चार एका रेघेने खोडला आणि वर आठ लिहिला. खाली कोपऱ्यात पट्टीने चौकट आखली, दुरुस्ती, तारीख, सही. कारखान्याचा नियम होता, चूक ज्याने पकडली त्याची सही झाल्याशिवाय बदललेला आकडा धरायचा नाही. त्याने दोन रकाने रिकामे ठेवले.

धाकटा दुकानात एका यंत्रावर वाकला होता. त्याने वर पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"वहिनी बरी आहे ना?"

"बरी आहे. तुला एक कागद दाखवायचाय."

धाकट्याने हात पुसले. ती पुसण्याची पद्धत अजून तीच होती, आधी बोटं, मग तळवे. कागद त्याने उजेडात धरला. दुकानातल्या एकुलत्या एका स्टुलावर दोऱ्यांची रिळं रचलेली होती, त्यामुळे थोरला उभाच होता.

"पाचवा कागद बघितलास?"

"आज बघितला."

"आज," धाकटा म्हणाला.

"चालतंय ते. तुझ्या सिलिंडरवर."

"झाकणाला खाच पाडायची होतीस. पाच मिनिटांचं काम."

"चाललं असतं. पण मग तू बरोबर होतास, हे कुठेच आलं नसतं." थोरल्याने चौकटीवर बोट ठेवलं. "मी चुकलो. पाहुण्यांसमोर बोललो, तेही चुकलं. सही कर."

धाकट्याने खिशातलं पेन काढलं, रकान्यात सही केली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली.

"आजची तारीख नको," थोरला म्हणाला. "चूक पकडलीस तेव्हाची घाल."

"ती कशी आठवणार आता? वर्षसुद्धा धड सांगता यायचं नाही मला."

"मी सांगतो. लिही."

आणि त्याने तारीख सांगितली, महिना सांगितला, वर्ष सांगितलं. रविवार होता, तेही सांगितलं.

धाकट्याने सगळं लिहून घेतलं. मग पेन खिशाला लावून त्याने स्टुलावरची रिळं एकेक करून खाली ठेवायला घेतली.

"बस, दादा," तो म्हणाला.